गाठीचा ताप आणि मानमोडी

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या गावांत 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द कानावर आले की माणसे गाडगी-मडकी, अंथरुणे आणि गुरेढोरे घेऊन माळावर झोपड्या घालून राहायला जात. आढ्यावरून खाली पडलेला मेलेला उंदीर ही गाठीच्या तापाची वर्दी होती. जांघेत किंवा काखेत अवधाणाची गाठ यायची, ताप चढायचा, माणूस बरळायला लागायचा आणि आठवड्याच्या आत बरेचजण जायचे. पुढे वीसेक वर्षांनी दुसरी साथ आली. त्या साथीत उंदीर पडला नाही की गाठ आली नाही. अंग ठेचून काढल्यासारखा ताप, धरलेली मान आणि चार-सहा दिवसांत भरून येणारी छाती. लोकांनी तिला नाव दिले मानमोडी.

पहिली साथ प्लेगची, दुसरी इन्फ्लुएंझाची. दोन्हींबद्दल बोलताना आपण 'जंतू' हा एकच शब्द वापरतो आणि तिथेच एक मोठा घोटाळा होतो. प्लेग जिवाणूमुळे होतो, इन्फ्लुएंझा विषाणूमुळे. या दोघांत मुंगी आणि हत्ती यांच्यातल्यासारखा फक्त आकाराचा फरक असता, तर वेगळे प्रकरण लिहायची गरज नव्हती. फरक जातीचा आहे. एकाला स्वतःची चूल आहे, दुसऱ्याला नाही. हे नीट कळले तर घरातल्या औषधांच्या डब्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते, म्हणून या दोन साथींची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात एका रुग्णाला तपासताना डॉ. अकासियो व्हिएगस यांना शंका आली. हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. रुग्णाच्या जांघेतली गाठ आणि तापाचे स्वरूप पाहून हा प्लेग असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. व्यापारावर जगणाऱ्या शहराला असे निदान परवडणारे नव्हते, त्यामुळे ते आधी कुणाला ऐकायचेच नव्हते. पण निदान बरोबर होते. काही महिन्यांत जवळपास निम्मे शहर गाव गाठायला निघाले आणि त्यांच्यासोबत साथही निघाली.

त्या वेळी प्लेगचा जिवाणू सापडून जेमतेम दोन वर्षे झाली होती. १८९४ च्या जूनमध्ये हाँगकाँगमध्ये प्लेग पसरला असताना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला अलेक्झांडर येर्सां तिथे पोहोचला. जपानहून आलेले संशोधक किटासाटो त्याच्या आधी येऊन कामाला लागले होते आणि रुग्णालयातली प्रेते त्यांनाच मिळत होती. येर्सांने गवताने शाकारलेल्या एका खोपटात आपली प्रयोगशाळा मांडली. प्रेते पुरण्याचे काम करणाऱ्या खलाशांच्या हातावर पैसे ठेवून शवागारात शिरकाव मिळवला, गाठ कापली आणि तिच्यातला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दोन्ही टोके गोलसर असलेल्या आखूड कांड्यांची तिथे गर्दी होती. रंग दिल्यावर त्या कांड्यांची टोके गडद व्हायची आणि मधला भाग फिकट राहायचा. आज या जिवाणूचे नाव येर्सिनिया पेस्टिस आहे, ते त्याच्याच नावावरून.

प्लेगची कांडी एक-दोन मायक्रॉन लांब असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा जागेत एक पूर्ण संसार मांडलेला असतो. बाहेरून संरक्षण करणारी भिंत, तिच्या आतबाहेर पातळ पडदे, आत घडणीच्या सगळ्या सूचना लिहिलेला डीएनएचा धागा, त्या सूचना वाचून प्रथिने तयार करणारे हजारो रायबोसोम आणि अन्नातून ऊर्जा काढणारी यंत्रणा. डीएनएच्या त्या धाग्यावर सुमारे ४६ लाख अक्षरे आहेत. हा जीव खातो, वाढतो, मधोमध दुभंगून एकाचे दोन होतो. त्याला माणसाच्या पेशीत शिरलेच पाहिजे असे नाही. चार पदार्थांचे पोषक पाणी मिळाले तरी तो काचेच्या बाटलीत मजेत राहतो.

हाफकिनने नेमका याचाच उपयोग करून घेतला. वॉल्डेमार हाफकिन हा रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचा. कोलकात्याकडे पटकीच्या लशीचे काम करत असताना ऑक्टोबर १८९६ मध्ये त्याला मुंबईला बोलावले गेले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्याला मिळाले ते एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन मदतनीस. तिथे तो मांसाच्या पाण्यात प्लेगचे जिवाणू वाढवायचा आणि वर तुपाचे थेंब सोडायचा. तरंगणाऱ्या तुपाच्या खाली जिवाणूंच्या वसाहती गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीसारख्या लोंबू लागायच्या. बाटली हलवली की त्या तुटून तळाशी जायच्या आणि वर नव्या धरायच्या. असे भरपूर पीक आले की ते तापवून मारायचे, आणि ते मेलेले जिवाणू म्हणजेच लस. शरीराला शत्रूची ओळख पटवून द्यायला त्याचे प्रेतही पुरते, असा त्यामागचा विचार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण तो उठून कामाला लागला. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वखुशीने तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि त्यांच्यात लागण बरीच कमी झाली. तुपाच्या थेंबाखाली वाढलेले हे पीक पुढे लाखो लोकांना टोचले गेले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात हललेली त्याची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

जिवाणू सापडला, लसही झाली. तरी हा जिवाणू माणसापर्यंत पोहोचतो कसा, ते कळले नव्हते. सरकारी उपाय माणसांवर आणि घरांवर चालले होते. घरे कार्बोलिकने धुतली जात होती, बायाबापड्यांना रस्त्यावर तपासले जात होते, संशयितांना उचलून नेले जात होते. पुण्यात त्याचा किती संताप झाला ते आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच पुण्यात हडपसरजवळ आजाऱ्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या काळात पिसूकडे बोट दाखवणारे कुणी नव्हते.

ते बोट दाखवले पॉल-लुई सिमों या संशोधकाने, १८९८ मध्ये, कराचीत. त्याने एका बरणीत पिसवांनी भरलेला आजारी उंदीर ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर वर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नव्हता. आजारी उंदीर मेला, पिसवा उड्या मारून वर गेल्या आणि काही दिवसांनी वरचा उंदीरही प्लेगने मेला. बरीच वर्षे यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी आणि नंतर प्लेग आयोगाच्या संशोधकांनी साथीच्या घरांत गिनीपिग ठेवून ते पक्के केले. उंदीर मेला की त्याचे शरीर गार होते आणि पिसवा उबदार अंग शोधत माणसाकडे येतात. म्हणजे उंदीर पडताच घर सोडणारे गावकरी बरोबर होते. जिवाणू हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता, पण त्यांचे निरीक्षण कार्बोलिकच्या पिंपापेक्षा कामाचे होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्या आजी-पणज्यांच्या अनुभवाला भीती म्हणून मोडीत काढायची सवय अजून गेलेली नाही.

पिसूच्या पोटात हा जिवाणू जे करतो, ते वाचून मी थक्क झालो होतो. तिथे तो चिकट थर तयार करून तिच्या जठराचे तोंडच बुजवून टाकतो. पिसूने रक्त ओढले तरी ते पोटात जात नाही. भुकेने कासावीस झालेली पिसू पुन्हापुन्हा चावते आणि अडलेले रक्त जिवाणूंसकट जखमेत उलटून टाकते. माणसाच्या अंगात आल्यावर जिवाणूला गारव्याऐवजी ३७ अंशांची ऊब लागते आणि त्या उबेने त्याची हत्यारे बाहेर येतात. अंगावर संरक्षक आवरण चढते. सुईसारखी सूक्ष्म नळी तयार होते आणि आपल्या पांढऱ्या पेशी गिळायला आल्या की तो त्या नळीतून त्यांच्यात प्रथिने टोचतो. पहारेकरी जागच्या जागी लुळा पडतो. जवळच्या लसीका ग्रंथीत जिवाणू बेसुमार वाढतात, ग्रंथी सुजते, आणि तीच ती गाठ.

सगळेच जिवाणू अशी चढाई करत नाहीत. याचा धडा खुद्द हाफकिनच्या लशीनेच एकदा दिला. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. धनुर्वाताचा जिवाणू मातीत असतो. परिस्थिती वाईट झाली की तो टणक बीजाणूचे रूप घेऊन वर्षानुवर्षे पडून राहतो आणि हवा न पोहोचणाऱ्या जखमेत जागा होतो. तो शरीरभर पसरत नाही. एका कोपऱ्यात बसून विष बनवतो, आणि ते विष नसांना जखडते. दोष हाफकिनच्या माथी मारला गेला. पुढे उघड झाले की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिनला निर्दोष ठरवायला पाच वर्षे लागली. त्याच्यावर अन्याय झाला, यात मला शंका नाही.

मानमोडीच्या वेळी कर्ता इतक्या सहजी हाती लागला नाही.

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने फणफणून रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. महायुद्धावरून परतणाऱ्या जहाजांसोबत आजार आला होता. पावसाळ्यात तो थोडा ओसरला आणि सप्टेंबरात उग्र होऊन परतला. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होते, आणि रेल्वेने आजार गावोगाव पोहोचवला. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज एक ते दोन कोटींच्या दरम्यान आहेत. आणि या तापाने म्हाताऱ्या-कोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयातली कर्ती माणसे अधिक नेली.

वैद्यकाकडे तेव्हा उत्तर तयार होते, पण ते चुकीचे होते. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन संशोधकाने इन्फ्लुएंझाच्या, म्हणजे फ्लूच्या, रुग्णांच्या कफात एक बारीक जिवाणू पाहिला आणि हाच फ्लूचा कर्ता असे सांगितले. फायफर हा रॉबर्ट कॉखचा शिष्य. कॉखचा नियम कडक होता. जंतू प्रत्येक रुग्णात सापडला पाहिजे, तो वेगळा वाढवता आला पाहिजे आणि निरोगी प्राण्याला दिल्यावर तोच आजार व्हायला पाहिजे. १९१८ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळा फायफरचा जिवाणू शोधत बसल्या. काहींना सापडला, अनेकांना नाही. तरी त्यावर लशीही निघाल्या. त्या जिवाणूचे आजचे नाव हिमोफिलस इन्फ्लुएंझी आहे. म्हणजे चोर दुसराच निघाला, तरी संशयिताच्या नावातून आरोप गेला नाही.

खरा कर्ता गाळण्यातून निसटत होता. पाश्चरचा सहकारी शांबरलां याने चिनी मातीचे असे गाळणे बनवले होते की त्यातून एकही जिवाणू पार होत नसे. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्कीने रोगट तंबाखूच्या पानांचा रस त्यातून गाळला आणि गाळलेला रस निरोगी पानांना लावला. तीही रोगट झाली. १८९८ मध्ये हॉलंडच्या बेयरिंकने तोच प्रयोग करून ठामपणे सांगितले की इथे जिवाणूहून निराळे काहीतरी आहे. त्याने त्याला व्हायरस म्हटले. माणसाच्या फ्लूचा विषाणू हाती यायला मात्र १९३३ उजाडले. लंडनच्या संशोधकांनी फ्लूच्या रुग्णाच्या घशातले गाळलेले पाणी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या लांबट प्राण्याच्या नाकात सोडले. फेरेट शिंकू लागले. त्या फेरेटांच्या संसर्गाने एका संशोधकालाही फ्लू झाला आणि त्याच्या घशातून तोच विषाणू परत मिळाला.

तो साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, कारण प्रकाशलहरींपेक्षाही तो लहान आहे. फ्लूचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा. हा विषाणू ज्वारीच्या दाण्याएवढा धरला, तर प्लेगचा जिवाणू बोटभर भेंडीएवढा आणि आपल्या शरीरातली पेशी धान्याच्या मोठ्या रांजणाएवढी होईल. या दाण्यात काय असते? वर चरबीचे पातळ आवरण, त्यावर प्रथिनांचे दोन प्रकारचे खुंट आणि आत सूचना लिहिलेले आरएनएचे आठ तुकडे. त्यांवरची सगळी अक्षरे मिळून साडेतेरा हजारांच्या आसपास. रायबोसोम नाही, ऊर्जेची सोय नाही, भूक नाही, वाढ नाही. चूलच नाही. बाटलीतल्या पोषक पाण्यात तो वर्षभर ठेवला तरी त्याचे दोन होणार नाहीत. हाफकिनचे तूप इथे काही कामाचे नव्हते.

तो शिजवतो ते दुसऱ्याच्या चुलीवर. एका प्रकारच्या खुंटाने तो श्वासनलिकेच्या पेशीवरच्या साखरेला चिकटतो. पेशी त्याला आपले काहीतरी समजून आत घेते. आत त्याचे आवरण उघडते, आरएनएचे तुकडे केंद्रकात जातात आणि पेशीचे रायबोसोम त्यांवरचा मजकूर आपलाच समजून प्रथिने घडवू लागतात. काही तासांत नवे विषाणू पेशीच्या कडेने फुगून बाहेर पडतात आणि दुसऱ्या प्रकारचा खुंट साखरेचा बंध कापून त्यांना सोडवतो. नकला उतरवताना चुका होतात आणि त्या तपासणारे कुणी नसते. म्हणून फ्लूचे रूप दरवर्षी थोडेथोडे बदलते आणि लस नव्याने बनवावी लागते. कधी माणसाचे, डुकराचे आणि पक्ष्याचे विषाणू एकाच पेशीत भेटले तर आठ तुकड्यांची अदलाबदल होते आणि कुणाच्याच शरीराने न पाहिलेला विषाणू तयार होतो. २००९ मध्ये पुण्यात नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांच्या रांगा लागल्या होत्या, त्या अशाच एका विषाणूमुळे.

आता औषधांकडे येऊ. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमवर बसतात आणि आपल्या रायबोसोमची घडण वेगळी असल्याने आपल्याला बहुतांशी सोडून देतात. प्रतिजैविके ही अशी, शत्रूच्या चुलीत पाणी ओतणारी औषधे आहेत. म्हणूनच ज्या प्लेगने आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसे नेली, तो आज वेळेवर ओळखला तर साध्या, जुन्या प्रतिजैविकांनी बरा होतो. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची बातमी आली, तेव्हा लोकांनी औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन भराभर उचलले. घबराट मोठी होती, पण निदान औषध तरी त्या शत्रूवरचे होते.

विषाणूला भिंत नाही आणि रायबोसोमही नाही. तिथे हे औषध कशावर बसणार? सर्दी, फ्लू, डेंग्यू यांच्यात प्रतिजैविकाची गोळी घेतली तर ती विषाणूला स्पर्शही करत नाही. ती आतड्यातल्या आपल्या उपयोगी जिवाणूंना मारते आणि जे मरत नाहीत त्यांना मोकळे रान देते. उरलेले ते औषध पचवणारे असतात आणि ती विद्या ते शेजारच्या जिवाणूंना डीएनएचे तुकडे देऊन शिकवतातही. विषाणूवर वेगळी औषधे लागतात. फ्लूवरचे ओसेल्टामिविर त्या दुसऱ्या खुंटाची कात्री बोथट करते आणि नवे विषाणू पेशीला चिकटूनच राहतात. साबण त्याहून सोपा. तो चरबीचे आवरणच विरघळवतो.

एक गुंता मात्र खरा आहे आणि तो लपवू नये. मानमोडीत मेलेल्यांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले गेले, तेव्हा बहुतेकांमध्ये जिवाणूंचा न्यूमोनिया आढळला. विषाणूने श्वासनलिकेचे अस्तर सोलून काढले आणि उघड्या जागेत घशातले नेहमीचे जिवाणू उतरले. दार एकाने फोडले आणि घर दुसऱ्याने लुटले. फायफरचा जिवाणूही या लुटारूंमध्ये होता, म्हणून तो इतक्यांना दिसला. त्यामुळे फ्लूच्या रुग्णाला कधीकधी प्रतिजैविक खरोखरच लागते. उतरलेला ताप पुन्हा चढला, धाप लागली, छातीत दुखू लागले, तर डॉक्टर ते देतात आणि द्यायलाच हवे. पण हा निर्णय तपासून घ्यायचा असतो. ताप आणि अंगदुखी बरीचशी आपल्या शरीराच्याच प्रतिकाराने होते, म्हणून दोन्ही शत्रूंपुढे ती सारखीच दिसते. कफ पिवळा की हिरवा, यावरूनही चोर ओळखता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी घरात कुणाला ताप आला, तर मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या काढू नका. डॉक्टरांना विचारा, हा जिवाणूचा ताप आहे की विषाणूचा? आणि विषाणूचा आहे, विश्रांती घ्या, पाणी प्या, प्रतिजैविक नको, असे त्यांनी सांगितले, तर चिठ्ठीवर भारी गोळी नाही म्हणून डॉक्टर बदलू नका.